डीप फ्रीजरचा केग कूलर करताय? फ्रीजरला भोक पाडू नका, आणि पावसाळ्याचा विचार आधी करा

आइस्क्रीमच्या दुकानात असतो ना तो आडवा, वरून झाकण उघडणारा डीप फ्रीजर, त्याचा घरी मस्त केग कूलर होतो, म्हणजे पेयाची स्टीलची टाकी (केग) थंड ठेवून नळातून पेय काढायची सोय. उभ्या फ्रीजपेक्षा हा बरा, कारण थंड हवा जड असते, झाकण उघडलं तरी ती खालीच बसून राहते. बिअर असो नाहीतर सोडा, जोडणी तीच. पण महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे लायसन्स नसताना घरी बिअर बनवता येत नाही, त्यामुळे माझ्या केगमध्ये कोकम सोडा आणि आल्याचा सोडा असतो आणि खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहितोय.

फ्रीजर घ्यायला जाताना टेप आणि पुठ्ठा सोबत न्या. १९ लिटरचा कॉर्नी केग (घरगुती वापराचा उभा, गोल स्टीलचा केग) साधारण २२-२३ सेंटीमीटर रुंद आणि ६४ सेंटीमीटर उंच असतो, वर पाइपाचे कनेक्टर लागले की अजून थोडी उंची जाते. त्या मापाचे पुठ्ठ्याचे गोल कापायचे आणि फ्रीजरच्या तळाला ठेवून बघायचे. एका बाजूला कॉम्प्रेसरच्या वर जी पायरी असते तिथे केग बसत नाही, पण सीओटूचा, म्हणजे पेयात बुडबुडे आणणाऱ्या आणि ते नळापर्यंत ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसचा, छोटा सिलेंडर मस्त बसतो. सेकंडहँड घेत असाल तर कुशीवर कलवून खालचा पत्रा बघाच, ऐरोली-वाशीकडे खाडीची खारी हवा पत्रा खाते आणि वरून रंग मारलेला असला की काही कळत नाही. कलवला असेल तर घरी आणल्यावर काही तास सरळ ठेवून मगच चालू करा.

आता भोकाचं. नळ बसवायला फ्रीजरच्या भिंतीत ड्रिल मारायचा मोह सगळ्यांना होतो, पण फ्रीजर थंड करणाऱ्या गॅसच्या नळ्या त्या भिंतींच्या आतूनच फिरतात, एक नळी फुटली की फ्रीजर भंगारात. त्यात आजकाल बऱ्याच फ्रीजरमध्ये आर-६००ए गॅस असतो, तो पेट घेणारा आहे. म्हणून झाकण बिजागऱ्यांसकट काढायचं, मधे लाकडाची चौकट म्हणजे कॉलर ठेवायची आणि झाकण त्या कॉलरवर बसवायचं. नळ, गॅसचा पाइप, सेन्सरची वायर सगळं कॉलरमधून. सुताराला ७१० ग्रेडचा मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा प्लायवूड) सांगा, उंची आठ-दहा इंच, कापलेल्या कडांना पॉलिश किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) कोटिंगचे दोन हात, आणि कॉलर फ्रीजरवर सिलिकॉनने पक्की.

फ्रीजर स्वतःच्या मर्जीने उणे १८ पर्यंत जातो, आपल्याला हवे ३-४ अंश. त्यासाठी बाहेर टेम्परेचर कंट्रोलर लावायचा, एसटीसी-१००० सारखा, तो सेन्सरने तापमान बघून फ्रीजरची वीज चालू-बंद करतो. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि अर्थिंग कुठेही तुटता कामा नये. सेटिंग ४ अंश, फरक १ अंश (सेटिंगच्या इतकं वर गेलं की कॉम्प्रेसर चालू होतो), आणि डिले, म्हणजे परत चालू होण्याआधीची थांबायची वेळ, किमान ५ मिनिटं. हा डिले फार महत्त्वाचा आहे. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर आतलं प्रेशर समान व्हायला वेळ लागतो, त्याआधी परत चालू केला तर तो लोडवर अडकतो आणि तापतो. पावसात लाइट दोन-दोन मिनिटांनी येते-जाते तेव्हा हाच डिले कॉम्प्रेसर वाचवतो. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवायचा नाही, केगच्या मध्यावर टेपने चिकटवून वरून फोमचा तुकडा लावायचा, नाहीतर हवेच्या तापमानावर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होत राहतो.

पण आपल्याकडे खरं काम आहे ते ओल सांभाळायचं, थंड तर तो होतोच. उणे १८ ला आत शिरलेलं बाष्प बर्फ होऊन गप्प पडून राहतं, ४ अंशांना त्याचं पाणी होतं, आणि जुलैमधली नवी मुंबईची हवा म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. तळाला डबकं साचतं, मग काळी बुरशी, मग वास. त्यामुळे कॉलरला आतून इंच-दीड इंच थर्माकोल किंवा फोमची शीट लावाच, नाहीतर प्लायला बाहेरून घाम सुटतो आणि एका पावसाळ्यात तो फुगतो. नळाचं भोक, वायरचं भोक, कोपऱ्यांचे जोड सगळं सिलिकॉनने बंद. झाकणाचं रबर नीट बसतंय का ते बघायला कागदाची पट्टी अडकवून ओढा, सहज निघाली तर तिथून हवा आत येतेय. आत एक छोटा १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा खालून वर हवा फेकेल असा लावा, तळ आणि वरची बाजू यातला फरक कमी होतो आणि पहिल्या ग्लासला नुसता फेस येत नाही. सिलिका जेलचा डबा ठेवा, रंग बदलला की गरम करून परत वापरा, आणि तळ आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा.

सीओटू सिलेंडर फूड ग्रेड गॅसनेच भरून घ्या, आणि भरताना सिलेंडरवरची हायड्रो टेस्टची (सिलेंडर दाब सोसतो का ते तपासणाऱ्या चाचणीची) तारीख बघा. परदेशातून मागवलेल्या रेग्युलेटरचा (सिलेंडरचा दाब कमी करून देणाऱ्या भागाचा) स्क्रूचा आटा आपल्या सिलेंडरच्या व्हॉल्व्हला बसेलच असं नाही, आधी विचारून घ्या. सिलेंडर फ्रीजरमध्ये ठेवला की मोठ्या गेजचा काटा खाली येतो, गॅस संपला म्हणून घाबरू नका. आत द्रवरूप सीओटू आहे तोवर गेज फक्त तापमानाप्रमाणे प्रेशर दाखवतो, किती उरलाय ते वजनकाट्यावरच कळतं. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघा. गळती असेल तर सीओटू जड असल्याने फ्रीजरच्या तळाशी साचतो, म्हणून झाकण उघडल्या उघडल्या आत डोकं घालायचं नाही, आणि खोलीची खिडकी उघडी ठेवायची.

बिअरला १०-१२ पीएसआय (गॅसच्या दाबाचं माप) पुरतात आणि ५ मिमीचा पाइप अडीच-तीन मीटर चालतो. सोड्याला २५-३० लागतात, तेव्हा पाइपही सहा-सात मीटर घ्या, आखूड पाइप असेल तर ग्लासात निव्वळ फेस. नळ स्टेनलेसचाच घ्या, आंबट पेयाने पितळेचा नळ खराब होतो. कोकमचं आगळ (कोकमाचा खारवलेला रस) मात्र केगमध्ये घालू नका, त्यात मीठ असतं आणि मीठ अधिक आंबट म्हणजे स्टीललाही बारीक भोकं पडतात. साखरेचं अमृत कोकम पातळ करून, बारीक फडक्यातून दोनदा गाळून घाला, गर राहिला तर आतली नळी तुंबते.

केग रिकामा झाला की लाइन (पेयाचा पाइप) गरम पाण्याने आणि क्लीनरने धुवा. आल्याच्या केगच्या रबरी रिंगा वेगळ्या ठेवा, आल्याचा वास रबरात बसतो आणि कितीही धुतला तरी पुढच्या कोकम सोड्यात उतरतो, नवीन रिंगांचा सेट काही महाग नसतो.