बीएमएक्स स्वतः जोडताय? मग या चुका टाळा

सुटे भाग निवडून जोडलेली बीएमएक्स (लहान चाकांची, उड्या-कसरतींची सायकल) बहुतेक वेळा पाना हातात घ्यायच्या आधीच बिघडलेली असते. पोरं आधी रंगीत हँडलबार घेतात, मग टायर, मग कोणाचा तरी जुना क्रँक (ज्यावर पेडल बसतात तो), आणि फ्रेम सगळ्यात शेवटी. हे उलटं करा. फ्रेम आधी, कारण बाकीची सगळी मापं तिच्यावरून ठरतात. सोबत एक व्हर्नियर कॅलिपर घ्या. भारीच्या पेडलला पैसे असतात आणि व्हर्नियरला नसतात, हे गणित काही पटत नाही.

बॉटम ब्रॅकेट: सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात

फ्रेमच्या खालच्या आडव्या नळीत क्रँकची बेअरिंग बसतात, तोच बॉटम ब्रॅकेट. आजच्या बहुतेक बीएमएक्स फ्रेमवर ती नळी 'मिड' असते, आतून साधारण ४१ मिमी. 'स्पॅनिश' ३७ मिमीची. जुन्या आणि स्वस्त फ्रेमवर 'अमेरिकन', ५१.३ मिमी, ज्यात एका सळईचा वाकवलेला क्रँक जातो. 'युरो' नळीला आतून आटे असतात. हे झालं नळीचं. क्रँकच्या दांड्याचं (दोन्हीकडच्या क्रँकना जोडणारा, बेअरिंगमधून आरपार जाणारा) माप वेगळं: १९, २२ किंवा २४ मिमी. म्हणजे मापं दोन घ्यायची, आणि लोक एकच घेतात. किंवा एकही नाही.

नागपुरातल्या धरमपेठेतल्या एका पोराच्या सायकलचं उदाहरण घ्या. फ्रेम मिड, बेअरिंग २२ मिमीची, आणि सेकंडहँड मिळालेल्या क्रँकचा दांडा १९ मिमीचा. दांडा बेअरिंगमध्ये खुळखुळायला लागला, तेव्हा कोणीतरी सुचवलं की पत्र्याची पट्टी गुंडाळ. गुंडाळली. सरळ रस्त्यावर आठवडाभर काही झालं नाही, आणि हीच या जुगाडाची खरी फसवणूक. पहिल्या दोन-चार उड्यांतच पट्टी सरकली, दांडा डुलायला लागला, क्रँकच्या आतले दाते झिजले, स्प्रॉकेट (चेनचं पुढचं दातेरी चाक) डगमगून चेन उतरायला लागली. शेवटी क्रँक, दांडा आणि बेअरिंग, तिन्ही भंगारात. खरं तर बदलायची होती फक्त दोन बेअरिंग. १९ आणि २२ च्या मिड बेअरिंगचा बाहेरचा व्यास सारखाच असतो, फरक आतल्या भोकाचा. दांडा मापला असता तर काम तेवढ्यातच भागलं असतं.

दुसरा प्रकार हातोडीचा. मिडची बेअरिंग घट्ट बसतात, मग आतल्या कड्यावर ठोका पडतो, छर्रे आपल्या वाटेवर खड्डे पाडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरतं. इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून १२ मिमीचा आटेवाला रॉड, दोन नट आणि ४१ मिमीपेक्षा मोठे जाड वॉशर आणा. नळीला आतून ग्रीस लावा, रॉड आरपार घाला, दोन्हीकडून हळूहळू आवळा. दाब बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे. बेअरिंग तिरपं जायला लागलं की थांबा, मागे काढा, परत सरळ लावा. जोर लावून सरळ होत नसतं ते.

आणि ती मधली नळी! सेटमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये बसणारा एक साधा पाइप येतो. "हा कशाला?" म्हणत लोक तो डब्यात टाकून देतात. तो नसला की क्रँकचा बोल्ट आवळताना सगळा दाब बेअरिंगच्या आतल्या कड्यांवर आडवा येतो. ओळखायचं सोपं आहे: बोल्ट ढिला असताना क्रँक मोकळा फिरतो आणि आवळला की जड होतो, तर पाइप राहिलाय किंवा आखूड आहे. उलट, आवळूनही क्रँक आडवा हलत असेल तर बाहेरून पातळ स्पेसर (चकती) घाला, दोन्ही बाजू बघून.

हँडल खडखडतंय

याचं कारण दहापैकी नऊ वेळा आवळण्याचा चुकलेला क्रम. स्टेमचे (हँडलबार फोर्कला धरून ठेवणारा भाग) बाजूचे बोल्ट आधी कसले की वरच्या बोल्टने कितीही ओढा, हेडसेटवर (फोर्क ज्यात फिरतो ती बेअरिंग) दाब येतच नाही. बाजूचे बोल्ट ढिले ठेवा, वरचा बोल्ट खेळ जाईपर्यंत आवळा, स्टेम सरळ करा, मग बाजूचे बोल्ट आलटून-पालटून कसा. फोर्कची नळी स्टेमच्या (किंवा वर स्पेसर असेल तर त्याच्या) माथ्यापेक्षा २-३ मिमी खाली हवी. बरोबरीला आली की टोपी नळीवरच टेकते आणि खेळ राहतो. वर एक पातळ स्पेसर घातला की झालं. तपासताना हँडल ९० अंश वळवा, पुढचं चाक भिंतीला टेकवा आणि मागेपुढे हलवा. इंटिग्रेटेड (थेट फ्रेमच्या नळीत बसणाऱ्या) हेडसेटची बेअरिंग हाताने बसतात. हातोडी लागत असेल तर माप चुकलंय.

मागचं चाक

फ्रेमच्या १४ मिमीच्या खाचेत १० मिमी एक्सलचं चाक लावून "बसलं की!" म्हणणारे बरेच भेटतात. जोर मारला की चाक पुढे सरकतं, टायर फ्रेमला घासतो. मागचा एक्सल १४ मिमीचाच घ्या, पेग (एक्सलवर बसवायच्या कसरतीच्या नळ्या) लावणार असाल तर दुसरा पर्यायच नाही. त्याच्या नटला १७ चा पाना लागतो, पुढच्याला १५ चा.

फ्रीव्हीलच्या हबवर १६ दात्यांच्या फ्रीव्हीलचे साधे आटे असतील तर १४ चं फ्रीव्हील बसणार नाही. त्याला ३० मिमीचे वेगळे आटे लागतात. कॅसेट हबवर ९ दात्यांचा ड्रायव्हर (हबचाच भाग असलेलं मागचं दातेरी चाक) आणि पुढे २५ ही जोडी चांगली. गुणोत्तर जवळपास जुन्या ४४ आणि १६ इतकंच पडतं, आणि लहान स्प्रॉकेट कठड्याला आपटत नाही. चेन डावीकडे हवी असेल तर हब तसा आहे का ते विकत घेण्याआधी विचारा.

टायर घेताना '२० इंच' एवढ्यावर जाऊ नका. बाजूला ४०६ (रिमचं माप, मिमीत) लिहिलेलं पाहा. ४५१ चाही टायर २० इंचीच म्हणतात, पण ४०६ च्या रिमवर तो बसत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की पूर्ण हवा भरलेली सायकल उन्हात उभी करू नका.

हँडलबार स्टेममध्ये धरला जातो तिथलं माप २२.२ मिमी, सीटपोस्ट २५.४. पिव्होटल सीटला (वरून एकाच बोल्टने बसणारी) पिव्होटलच पोस्ट लागतो. तीन भागांच्या (दोन हात आणि दांडा) क्रँकला ९/१६ इंचाचं पेडल, एका सळईच्या क्रँकला १/२ इंचाचं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पहिले तीन-चार फेरे हातानेच फिरवा, आटे मेले की क्रँक गेला. घाई काऊन?

चेन १/८ इंचाचीच. गिअरच्या सायकलची चेन अरुंद असते, १/८ च्या दात्यांवर बसत नाही. पूर्ण हाफलिंकची (अर्ध्या कड्यांची) चेन दिसायला झकास, पण लवकर ताणते. साध्या चेनमध्ये एकच हाफलिंक घाला. मधोमध साधारण १ सेंमी ढील ठेवा आणि क्रँकचा पूर्ण फेरा फिरवून बघा, कारण एका जागी चेन घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली लागली तर स्प्रॉकेट मध्यावर बसलेलं नाही. क्लिपवाली कडी असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते तिकडे.

ब्रेकशिवाय चालवायची फॅशन स्केटपार्कपुरती ठीक. वर्धा रोडवरून घरी जायचं असेल तर काढता येणारे ब्रेक माउंट असलेली फ्रेम घ्या. आणि माउंटचे स्क्रू डब्यात आलेत का ते दुकानातच उघडून मोजा, नंतर ते शोधत हिंडावं लागतं.