कांदा चाळीतल्या सेन्सरसाठी वायरलेस मॉड्यूल कसं निवडावं?

दर १५ मिनिटांनी एक रीडिंग, म्हणजे दिवसाला ९६. एका रीडिंगला ४१ मिलिसेकंद धरले, तर रेडिओ दिवसभरात जेमतेम चार सेकंद जागा असतो. बाकी सगळा वेळ बोर्ड झोपलेला, आणि सेल बहुतेकदा त्या झोपेतच संपतो. म्हणून मॉड्यूल निवडताना आधी झोपेतला करंट बघा, रेंज नंतर.

पायरी १ : जागा बघा
चाळीत तापमान २५ ते ३० अंश आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के राहिली की कांदा बरा टिकतो. मोजायचं असतं ढिगाच्या पोटात, पण कांद्यात ८० टक्क्यांहून जास्त पाणी. वाय-फाय आणि ब्लूटूथची २.४ गिगाहर्ट्झची लहर हे पाणी शोषून घेतं. त्यामुळे ढिगात फक्त वायरचा प्रोब घाला. रेडिओची डबी बाहेर, छताच्या पत्र्यापासून हातभर खाली टांगा.

चाळ घराला लागून असेल तर ब्लूटूथ लो एनर्जी पुरतं. चाळ शेतात, दोन-तीनशे मीटरवर असेल तर लोरा (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ) घ्या. वाय-फाय शेवटचा पर्याय, आणि तोही घरचा राउटर चाळीपर्यंत पोचत असेल तरच.

पायरी २ : कागदावर हिशेब करा
सरासरी करंट = झोपेतला करंट + (पाठवतानाचा करंट × सेकंद ÷ ९००). इथले ९०० म्हणजे १५ मिनिटांचे सेकंद.

ईएसपी ८२६६ ही वाय-फाय चिप जागी होऊन राउटरशी जोडून घेईपर्यंत चार सेकंद जातात असं धरा, सरासरी ८० मिलिअँपिअरने. झोपेतले २० मायक्रोअँपिअर मिळवले की ०.३८ मिलिअँपिअर होतात. २,००० मिलिअँपिअर-तासांचा सेल सात महिने जाईल. पण हे नुसत्या मॉड्यूलचं झालं. तीच चिप एएमएस १११७ रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) असलेल्या डेव्हलपमेंट बोर्डवर घेतली, तर रेग्युलेटर एकटाच सुमारे पाच मिलिअँपिअर खातो आणि सेल १५-१६ दिवसांत संपतो. डेटाशीटमधला स्लीप करंट चिपचा असतो, बोर्डाचा नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते.

आता एसएक्स १२७६ चिपचं लोरा मॉड्यूल, १७ डीबीएम ताकदीने पाठवताना ८७ मिलिअँपिअर, १० बाइटचा निरोप. स्प्रेडिंग फॅक्टर म्हणजे लोराची सेटिंग: आकडा वाढवला की रेंज वाढते, पण निरोपाला वेळ जास्त लागतो. ७ ला ४१ मिलिसेकंद लागतात, १२ ला ९९१. बोर्डाची झोप ५ मायक्रोअँपिअर धरली तर सरासरी अनुक्रमे ९ आणि १०१ मायक्रोअँपिअर येते. रेंजच्या हौसेपायी फॅक्टर १२ लावून ठेवला, तर खर्च अकरा पट. आधी अँटेना उंचावर न्या, मग फॅक्टर एकेक पायरी वाढवा.

पायरी ३ : सेन्सर आणि व्होल्टेज जुळवा
डीएस१८बी२० हा तापमानाचा प्रोब स्वस्त आणि वॉटरप्रूफ, पण त्याला किमान ३ व्होल्ट लागतात. दोन डबल-ए अल्कलाइन सेलांवर तो लवकरच दगा देतो. १२ बिटच्या बारीक मोजणीसाठी ७५० मिलिसेकंद न थांबता वाचलं, तर ८५ अंश असा खोटा आकडा येतो. हाच प्रोब हवा असेल तर तीन सेल आणि एमसीपी १७०० रेग्युलेटर वापरा. तो स्वतः जेमतेम १.६ मायक्रोअँपिअर घेतो. दोनच सेल ठेवायचे असतील तर एसएचटी ४० सेन्सर घ्या, तापमानासोबत आर्द्रताही मिळते. कंट्रोलर एटीमेगा ३२८ असेल तर ब्राउन-आउटची मर्यादा (ज्या व्होल्टेजखाली तो स्वतःला बंद करतो) २.७ वरून १.८ व्होल्टवर आणा, नाहीतर सेलात जीव असतानाच तो बंद पडेल.

पायरी ४ : सेल झटका सोसेल का?
सीआर २०३२ बटण सेलातून मोठा करंट निघत नाही. ब्लूटूथचा झटका पाच-सहा मिलिअँपिअरचा आणि काही मिलिसेकंदांचा, तिथे शेजारी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरतो. लोराला ही युक्ती चालत नाही: ८७ मिलिअँपिअर ४१ मिलिसेकंद पुरवायला ४७० मायक्रोफॅरडही तोकडा पडतो. लोराला सरळ डबल-ए अल्कलाइन द्या. ३.६ व्होल्टचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल वर्षानुवर्षं टिकतो, पण पडून राहिला की त्याच्या आत थर धरतो. मग पहिल्याच झटक्याला व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीसेट होतो. त्याच्यासोबत सुपरकपॅसिटर लागतोच.

पायरी ५ : फ्रिक्वेन्सी
भारतात लोरासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्टा विनापरवाना खुला आहे. ८६८ लिहिलेलं मॉड्यूल घेऊन प्रोग्राममध्ये ८६५ ते ८६८ मधली फ्रिक्वेन्सी लावा. ४३३ चं घेऊ नका. अँटेना म्हणून सुमारे ८.५ सेंटीमीटर सरळ वायर चालते. अँटेना जोडल्याशिवाय मॉड्यूल चालू करू नका, पाठवणारा भाग जळू शकतो.

पायरी ६ : झोप मोजा
मल्टिमीटर मायक्रोअँपिअरवर ठेवून सेलच्या वायरीत जोडा. त्याच्या दोन टोकांवर आडवी वायर लावूनच बोर्ड सुरू करा, नाहीतर रेडिओ बोलला की मीटरमध्ये व्होल्टेज पडून बोर्ड रीसेट होईल. बोर्ड झोपला की ती वायर काढा आणि आकडा वाचा. दहा मायक्रोअँपिअरच्या आत आला तर उत्तम. पाच मिलिअँपिअरच्या आसपास आला तर रेग्युलेटर, एक ते तीनच्या मध्ये आला तर पॉवरचा एलईडी उपटा. नेमका १.६ मिलिअँपिअर दिसला तर आधी प्रोग्राम तपासा: बहुधा एसएक्स १२७६ ला स्टँडबायमधून (अर्धवट जागेपणातून) स्लीपमध्ये पाठवणारी ओळ राहून गेली आहे.