नागपूरहून दोहामार्गे जाताय? मग एवढं बघून घ्या
पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर निम्मं टेन्शन इथंच संपतं, फक्त सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या एअरपोर्टवर, काउंटरवर बॅगेला टॅग लावतात ना, त्यावर शेवटच्या शहराचा कोड आहे का बघा, म्हणजे लंडनच्या हीथ्रोला जायचं तर एलएचआर, नुसतं डीओएच (दोहाचा कोड) दिसलं तर तिथंच विचारा. दोन्ही बोर्डिंग पास इथूनच मागा. दोहाला अरायव्हल्सकडे नाही, ट्रान्सफरच्या पाट्या धरून जायचं, पुन्हा सिक्युरिटी होते. आईनं दिलेलं लोणचं हँडबॅगेत नको बाप्पा, तेल म्हणजे लिक्विडच! अमेरिकेत विमान बदलणार असाल तर नुसत्या ट्रान्झिटलाही व्हिसा लागतो, आणि बॅग पहिल्याच एअरपोर्टवर उचलून पुन्हा द्यावी लागते, त्यामुळे तिथं तीनेक तासांचा गॅप ठेवा.