स्पॅनिशमधील ‘बेस’ : अर्थ आणि वापर

मराठीतला ‘वेळ’ हा शब्द स्पॅनिश शिकणाऱ्याला फार लवकर अडचणीत आणतो, कारण आपण ज्या तीन गोष्टी या एकाच शब्दाने सांगतो त्यांसाठी स्पॅनिशमध्ये तीन वेगळी नामे आहेत. ‘मला वेळ नाही’ यातला वेळ म्हणजे ‘त्येम्पो’, ‘जेवणाची वेळ झाली’ यातली वेळ म्हणजे ‘ओरा’ आणि ‘औषध दिवसातून तीन वेळा घ्या’ यातली वेळ म्हणजे ‘बेस’. ‘त्रेस त्येम्पोस’ असे म्हटले तर ऐकणाऱ्याला ‘तीन वेळा’ असा बोध मुळीच होणार नाही. तिथे ‘त्रेस बेसेस आल दिआ’ असेच म्हणावे लागते.

निवड करण्यासाठी मराठीतच एक खात्रीची कसोटी आहे. वाक्यातल्या ‘वेळा’च्या जागी ‘एकदा, दोनदा, कितीदा’ यांतला ‘-दा’ लावता येत असेल, तर तिथे ‘बेस’ वापरावा. ‘तीनदा औषध घ्या’ हे चालते, पण ‘वेळ नाही’ या वाक्यात ‘-दा’ला जागाच नाही.

हा शब्द व्ही, ई, झेड या अक्षरांनी लिहितात. मात्र व्हीचा उच्चार ‘ब’च्या जवळचा असतो. शेवटचे अक्षर लॅटिन अमेरिकेत ‘स’सारखे, तर स्पेनच्या बहुतेक भागांत जिभेचे टोक दातांमध्ये ठेवून हवा सोडत उच्चारतात. अनेकवचन ‘बेसेस’ लिहिताना झेडच्या जागी सी येतो. नाम स्त्रीलिंगी असल्याने ‘ऊना बेस’ (एकदा), ‘मुचास बेसेस’ (पुष्कळदा), ‘ला प्रिमेरा बेस’ (पहिली खेप) अशी विशेषणेही स्त्रीलिंगीच हवीत. ‘पुन्हा एकदा’ म्हणताना मात्र ‘एक’ गाळावा लागतो : ‘ओत्रा बेस’ एवढेच पुरे, त्याआधी ‘ऊना’ लावणे चूक आहे.

सर्वांत जास्त घोटाळा ‘आ बेसेस’ आणि ‘आ ला बेस’ या जोडीत होतो. पहिल्याचा अर्थ ‘कधी कधी’, दुसऱ्याचा ‘एकाच वेळी’. ‘आब्लान तोदोस आ ला बेस’ म्हणजे सगळे एकदमच बोलत आहेत. ‘दे बेस एन क्वांदो’ म्हणजे अधूनमधून. ‘कादा बेस मास’ म्हणजे उत्तरोत्तर अधिक, म्हणून ‘कादा बेस आसे मास कालोर’ याचे मराठी ‘दिवसेंदिवस उकाडा वाढतो आहे’ असे सहज होते. ‘ताल बेस’ म्हणजे कदाचित. तो क्रियापदाच्या आधी आला की बहुधा सबजंक्टिव्ह, म्हणजे शक्यता किंवा इच्छा दाखवणारे क्रियापदाचे रूप, येतो, जसे ‘ताल बेस बेंगा मान्याना’, म्हणजे कदाचित तो उद्या येईल. परीकथांच्या आरंभी येणारे ‘एरासे ऊना बेस’ हे आपल्या ‘आटपाट नगर होतं’च्या जागी शोभते.

यापलीकडचा एक अर्थ पाठ्यपुस्तकांत क्वचितच समजावला जातो, आणि माझ्या मते या शब्दाची खरी गंमत तिथेच आहे. लॅटिनमधल्या ज्या मूळ शब्दापासून ‘बेस’ आला, त्याचा अर्थ पाळी, आलटापालट किंवा एखाद्याची जागा असा होता. ‘व्हाइस चेअरमन’ यातला ‘व्हाइस’ही त्याच मुळाचा. स्पेनमध्ये मासळीच्या किंवा फळांच्या दुकानात रांग दिसत नसली, तरी नव्याने आलेले गिऱ्हाईक ‘क्येन दा ला बेस?’ असे विचारते, म्हणजे शेवटचा नंबर कोणाचा आहे. ज्याचा असेल तो ‘यो’ म्हणतो आणि त्याच्यामागे आपली पाळी ठरते. ‘एन बेस दे’ म्हणजे ‘ऐवजी’ हा प्रयोगही याच अर्थाचा आहे, आणि त्यापुढे क्रियापद आल्यास ते मूळ रूपात ठेवावे : ‘एन बेस दे यामार’, म्हणजे फोन करण्याऐवजी. ‘आसेर लास बेसेस दे’ म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम करणे, मग ती माणसाची जागा असो वा वस्तूची.

गोव्यात ज्यांच्या कानावर पोर्तुगीज पडलेली आहे त्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल, कारण तिथेही हेच नाम याच अक्षरांनी लिहितात आणि ‘कदाचित’, ‘ऐवजी’, ‘कधी कधी’ हे अर्थ त्याच्याच आधाराने व्यक्त होतात. फक्त ‘कदाचित’ लिहिताना सावध राहावे : पोर्तुगीजमध्ये तो एक जोडलेला शब्द आहे, तर स्पॅनिशमध्ये ‘ताल’ आणि ‘बेस’ सहसा सुटे लिहिले जातात.