नवे वाफे, कोवळी रोपे आणि भटकी मांजरे: हंगामाआधीची तयारी

थंडी सरत आली आणि दिवस मोठे होऊ लागले की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. आपण भाजीपाल्याचे वाफे भुसभुशीत करायला घेतो आणि मांजरी माजावर येतात. मांजरीचा माज उजेडाच्या तासांवर अवलंबून असतो, म्हणून दिवस वाढले की बोक्यांची भांडणे आणि रात्रीचे ओरडणे वाढते. गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. आज कुंपणावर बोके भांडत असतील, तर दोन-सव्वादोन महिन्यांत चाऱ्याच्या गंजीत पिल्ले असणार हे धरूनच चाला. त्यामुळे बंदोबस्त करायचा तो आत्ता, वाफे मोकळे असताना. रोपे उपटली गेल्यावर केलेल्या धावपळीतून फारसे काही वाचत नाही.

मांजराला हाकलण्यात शक्ती घालवू नका. एक मांजर गेले की रिकाम्या जागेत दुसरे येते. ज्या मऊ मातीसाठी, ज्या खरकट्यासाठी आणि ज्या ऊबदार कोपऱ्यासाठी ते येते, त्यांच्यावर काम करा. पुढचा सगळा सल्ला याच धोरणाने दिला आहे.

आधी खात्री करा

वाफा उकरलेला दिसला की सगळा दोष मांजरावर जातो आणि उपाय चुकीच्या प्राण्यावर होतात. उंदीर पेरलेले बी काढून खातो आणि टरफले तिथेच टाकतो. कोंबड्या दोन्ही पायांनी माती मागे उडवत पसरट खळगे करतात. मांजराचे उकरणे वेगळे दिसते. वीतभर जागेतली माती एका बाजूला ओढून छोटा ढीग केलेला असतो, त्याखाली विष्ठा असते आणि शेजारी दोन-चार रोपे उलटी पडून त्यांची पांढरी मुळे उन्हात वाळत असतात.

तरीही शंका असेल तर संध्याकाळी वाफ्याच्या कडेने चाळलेली बारीक माती अंथरून हाताने सपाट करा. सकाळी ठसे पाहा. मांजराचा ठसा गोल, सुमारे ३ सेंटीमीटरचा, चार बोटांचा असतो आणि त्यात नखे उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा बहुधा स्पष्ट दिसतात. ठशांवरून मांजर कुठून आत येते तेही कळते. त्याची वाट बहुतेक वेळा ठरलेली असते आणि ती माहीत झाली की पुढचे काम निम्म्याने हलके होते.

वाफ्यावर जाळी

माझ्या मते सगळ्या उपायांत खात्रीचा उपाय हाच आहे. पेरणी झाली, पाणी दिले की त्याच दिवशी वाफ्यावर कोंबडीची जाळी सपाट अंथरा. छिद्र २ ते ५ सेंटीमीटरचे चालते. जाळी मातीला जवळजवळ टेकलेली हवी. कडा १० सेंटीमीटर मातीत दाबा किंवा त्यावर दगड ठेवा आणि तारेची कापलेली टोके खाली वळवा, म्हणजे निंदणी करताना हाताला लागणार नाहीत. मांजराला पंज्याखाली तार लागली आणि माती ओढता आली नाही की ते तिथे थांबत नाही. कोथिंबीर, पालक, मेथी या जाळीतून सरळ वर येतात. गाजर, मुळा यांची पाने बोटभर वर आली की जाळी काढा, उशीर केला तर पाने तारेत अडकून काढताना तुटतात.

जाळी कमानींवर उंच बांधायची असेल तर ताणून बांधा. सैल राहिली की मांजर त्यावर झोपायला येते आणि जाळी रोपांवर टेकते. नायलॉनची पातळ जाळी सैल टाकणे तर टाळाच. त्यात पक्षी, साप आणि मांजराची पिल्लेही अडकून मरतात.

पुनर्लागवडीच्या रोपांना जाळी घालणे अवघड जाते. तिथे रोपांच्या मधल्या मोकळ्या जागेत बोथट टोकाच्या काटक्या १५ ते २० सेंटीमीटर अंतरावर उभ्या खोचा. मांजराला वळून बसायला जागा मिळू नये एवढाच हेतू आहे. रोपे वाढून पानांनी जमीन झाकली की काटक्या काढल्या तरी चालते.

आच्छादन निवडताना एक काळजी घ्या. लाकडाचा बारीक भुसा, नारळाच्या काथ्याचा चुरा, कोरडी वाळू ही मांजराची आवडती शौचाची जागा आहे. रोपवाटिकेत काथ्याच्या चुऱ्याने भरलेले ट्रे रात्री उघडे ठेवू नका. उघड्या मातीवर जाडसर खडी, कापलेल्या फांद्यांचे तुकडे किंवा जाड पालापाचोळा टाका. वाफा संध्याकाळी ओला असला तर मांजर तिकडे कमी फिरकते, पण रोपांना बुरशीचा त्रास असेल तर केवळ मांजरासाठी संध्याकाळचे पाणी देऊ नका.

एक जोडउपाय जरूर करून पाहा. आवाराच्या दूरच्या, कोरड्या आणि आडोशाच्या कोपऱ्यात हातभर लांबी-रुंदीची भुसभुशीत वाळूची जागा मोकळी ठेवा. मांजराला सोपी जागा मिळाली की वाफ्यावरचा ताण कमी होतो आणि विष्ठा एका जागी गोळा झाल्याने उचलणे सोपे जाते. ही जागा विहीर, चारा आणि भाजीपाला यांपासून लांब हवी.

पाणी, आवाज आणि वास

हालचाल जाणवताच पाणी उडवणारा स्प्रिंकलर चांगले काम करतो. तो मांजराच्या वाटेवर रोखून लावा आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी जागा बदला. कर्णातीत आवाज करणारी यंत्रेही मिळतात. माणसाला साधारण २० किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकू येते, मांजराला ६० च्याही पुढे, त्यामुळे तो आवाज आपल्याला त्रास देत नाही. चाचण्यांमध्ये अशा यंत्रांनी मांजरांच्या फेऱ्या कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. म्हातारी किंवा बहिरी मांजरे त्यांना दाद देणार नाहीत हे उघडच आहे.

संत्र्या-लिंबाच्या साली, कॉफीचा चोथा, उग्र वासाची झाडे यांचा परिणाम एखाद्या पावसापुरता किंवा दोन दिवसांपुरता टिकतो. करायचे तर करा, पण त्यांच्या भरवशावर वाफा उघडा टाकू नका.

नुकसान होते ते पुढच्या गोष्टींनी. डांबरगोळ्या मातीत टाकू नका. त्यातले नॅफ्थलीन मांजरासाठी, कुत्र्यासाठी आणि लहान मुलांसाठी विषारी आहे. तिखट पसरू नका, ते पंज्याला लागते, मांजर पंजा चाटते आणि मग तोंड-डोळे पोळतात. परमेथ्रिनसारखी कीटकनाशके आणि फिनाइलसारखी द्रव्ये मांजराचे यकृत नीट पचवू शकत नाही, अगदी थोड्या मात्रेनेही जनावर मरू शकते. अमोनियाचा वास मुताशी मिळता असल्याने बोका त्याच जागी पुन्हा फवारा मारतो. बोक्याने मुतलेली जागा साबणाच्या पाण्याने धुऊन मग एन्झाइम असलेल्या क्लीनरने स्वच्छ करा.

विषाचे आमिष कोणत्याही परिस्थितीत नको. ते क्रूर आहे, बहुतेक देशांत गुन्हा आहे, आणि त्या विषाने मेलेले जनावर घार, घुबड, कुत्रा यांच्या पोटात जाते.

कुंपण

मोठे मांजर सहज पाच-सहा फूट उडी मारते, त्यामुळे नुसती भिंत उंच करून उपयोग नाही. कुंपणाच्या वरच्या टोकाला हात-दीड हात रुंदीची जाळी बाहेरच्या बाजूला झुकती आणि सैल ठेवा. पंजा टाकताच हलणाऱ्या आधारावर मांजर चढत नाही. भिंतीच्या माथ्यावर फिरता पाइप बसवला तरी तेच साधते. खाली दरवाज्याच्या फटी बघा. मोठे मांजर ८-१० सेंटीमीटरच्या फटीतून येते, पिल्लू त्याहून अरुंद फटीतून. कोंबड्यांच्या पिल्लांच्या खुराड्याला तर २ सेंटीमीटरपेक्षा मोठे छिद्र ठेवूच नका, मांजर बाहेरून पंजा घालून पिल्लू ओढते.

शेळ्या-मेंढ्या असतील तर चारा आधी झाका

वाफ्यातली रोपे गेली तर पुन्हा लावता येतात. चाऱ्याचे तसे नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

टोक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी मांजराच्या आतड्यात वाढतो. मांजराला पहिल्यांदा संसर्ग होतो तेव्हा एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून या परजीवीची लाखो सूक्ष्म अंडकोष्ठे (अंड्यांसारखी अवस्था) बाहेर पडतात. ती ताजी असताना संसर्ग करत नाहीत. एक ते पाच दिवसांत ती पक्व होतात आणि ओलसर मातीत महिनोन्‌महिने, वर्षाहूनही जास्त, टिकतात. गाभण शेळीने किंवा मेंढीने अशी विष्ठा लागलेला चारा किंवा खुराक खाल्ला तर ती गाभडते, मेलेली करडे होतात किंवा जिवंत झालेली अशक्त निघतात. जनावर वरून निरोगी दिसत असते, त्यामुळे कारण लक्षात यायला वेळ लागतो.

यातला महत्त्वाचा मुद्दा असा की मोठ्या मांजराला एकदा संसर्ग होऊन गेला की ते पुन्हा फारसे हे परजीवी टाकत नाही. खरा धोका नुकतीच शिकार करायला लागलेल्या तरुण पिल्लांचा आहे. म्हणून कळप गाभण असताना गंजीत पिल्ले वाढू देऊ नका. खुराक झाकणाच्या पिंपात ठेवा, गंजीवर ताडपत्री घट्ट बांधा, गव्हाणीच्या वर मांजराला बसायला आडवी फळी ठेवू नका. विष्ठा दिसली तर त्याच दिवशी फावड्याने उचलून खोल पुरा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. ती कंपोस्टमध्ये टाकू नका, घरगुती ढिगात तेवढी उष्णता क्वचितच तयार होते. गाभडण्याचे प्रमाण वाढले तर पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्या, मेंढ्यांसाठी काही देशांत लसही उपलब्ध आहे.

हीच गोष्ट घरातल्या माणसांना लागू आहे. गरोदर बाईने वाफ्यात उघड्या हाताने काम करू नये, गाभडलेल्या जनावराला हात लावू नये. पालेभाजी कच्ची खायची असेल तर वाहत्या पाण्यात नीट धुवा.

उंदरांसाठी मांजर हवेच का?

हा प्रश्न नेहमी येतो. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कचरा-पुनर्वापर केंद्रात ७९ दिवस कॅमेरे लावून मांजरे आणि मोठे उंदीर यांचे निरीक्षण झाले. मांजरांनी मारलेले उंदीर भरले फक्त दोन. मांजर दिसले की उंदीर लपतो, आणि दिसेनासा झाला म्हणून तो कमी झाला असे आपण समजतो. बारीक उंदीर मांजर पकडते, घूस-मोठा उंदीर टाळते. धान्य बंद ठेवणे आणि बिळे बुजवणे याला पर्याय नाही.

मांजर ठेवायचेच असेल तर एक-दोन मोठी, नसबंदी आणि लसीकरण झालेली मांजरे ठेवा. नसबंदी झालेला बोका फवारा मारणे बरेच कमी करतो, आणि स्थिर झालेली मांजरे नव्या येणाऱ्यांना दूर ठेवतात. मादी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, म्हणून नसबंदी त्याआधी व्हावी. डाव्या किंवा उजव्या कानाचे टोक सरळ कापलेले मांजर दिसले तर त्याची नसबंदी झालेली असते, त्याला पुन्हा पकडू नका. गळ्यात पट्टा असलेले मांजर शेजाऱ्यांचे असणार. भांडण न करता बोला, रात्री घरात ठेवण्याची विनंती करा, कारण मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वाधिक फिरते. आवारात खरकटे, मासळीचा कचरा, सांडलेले दूध राहू देऊ नका आणि पाळीव कुत्र्याचे भांडे रात्री आत घ्या.

फटी बुजवण्याआधी आणि गंज हलवण्याआधी आत पिल्ले नाहीत ना ते बॅटरी लावून पाहा. थंड पहाटे ट्रॅक्टर सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा, ऊब शोधत मांजर इंजिनाजवळ बसलेले असू शकते. पिल्ले सापडली आणि आई जवळपास असेल तर दोन दिवस तिला हलवू द्या, मग जागा बंद करा. रानटी मांजराला उघड्या हाताने उचलू नका. चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. मांजराचे दात बारीक असल्याने जखम वरून क्षुल्लक दिसते, पण आत खोल जाते.