शिशाच्या छर्ऱ्यांवरील निर्बंध आणि आपली रेंज : क्लब, प्रशिक्षक व पालकांसाठी मार्गदर्शन

ब्रिटनच्या सरकारने जुलै २०२५ मध्ये शिशाचे छर्रे असलेली शॉटगनची काडतुसे आणि मोठ्या व्यासाच्या शिसेयुक्त गोळ्या यांवर निर्बंध आणण्याचा निर्णय जाहीर केला. ती बातमी वाचून आपल्याकडील एअर रायफल नेमबाजाच्या आणि त्याच्या पालकांच्या मनात दोन शंका येणे स्वाभाविक आहे. पुढे पेलेट, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्या, मिळतील की नाही, ही पहिली शंका; आणि ज्या धातूवर तिकडे बंदी येते तोच धातू आपली मुले रोज चिमटीत धरतात, त्याचे काय, ही दुसरी. पहिलीचे उत्तर लंडन आणि ब्रसेल्समध्ये ठरते व त्यात आपले मत कोणी विचारणार नाही. दुसरीचे उत्तर मात्र सर्वस्वी क्लबच्या हातात आहे, आणि क्लबने ते नीट दिले तर पहिल्या शंकेची धारही बरीच बोथट होते. हे मार्गदर्शन त्या क्रमाने लिहिले आहे.

निर्बंध नेमके कशावर आहेत हे आधी पाहावे

‘शिशावर बंदी’ हे शब्द ऐकून घाईने पेलेटचे डबे साठवू नयेत. या वादाचे मूळ नेमबाजीच्या रेंजवर नसून पाणथळ जागांवर आणि शेतशिवारात आहे. बदके व इतर पक्षी अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. खड्यांबरोबर जमिनीवर पडलेले छर्रेही पोटात जातात, पेषणीत (अन्न दळणाऱ्या जठरात) झिजतात आणि शिसे रक्तात उतरते. जखमी किंवा मेलेली शिकार खाणाऱ्या गिधाडांना व गरुडांना तीच विषबाधा दुसऱ्या वाटेने होते. कॅलिफोर्नियातील काँडोर या गिधाडांची संख्या १९८२ साली अवघी २२ उरली होती, आणि प्रजनन करून सोडलेले पक्षीही शिशाने मरत राहिले. म्हणून त्या राज्याने २०१३ साली कायदा केला व १ जुलै २०१९ पासून तेथे शिकारीसाठी शिसेयुक्त दारूगोळा पूर्णपणे बंद झाला. डेन्मार्कने शिशाचे छर्रे १९९६ सालीच बंद केले आणि एप्रिल २०२४ पासून शिकारीच्या रायफलच्या गोळ्यांनाही तोच नियम लावला. युरोपीय संघात पाणथळ जागांवर शिशाचे छर्रे वापरण्यास १५ फेब्रुवारी २०२३ पासून मनाई आहे.

ब्रिटनची कहाणी क्लबच्या पदाधिकाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. तेथील नऊ शिकारी व ग्रामीण संघटनांनी फेब्रुवारी २०२० मध्ये, पाच वर्षांत आम्ही स्वेच्छेने शिशाचे छर्रे सोडू, असे जाहीर केले होते. त्यानंतर केंब्रिजच्या संशोधकांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या फेझंट पक्ष्यांचे मांस दरवर्षी तपासले, तेव्हा ज्यांत छर्रे सापडले त्या पक्ष्यांपैकी जवळजवळ सर्वच शिशाने मारलेले निघाले. निर्बंधांचा निर्णय आला तो या पार्श्वभूमीवर. संघटनांचे आक्षेप खोटे होते असे नाही : जुन्या बंदुकांना पोलादी छर्रे चालत नाहीत, शिशाऐवजी वापरायचे बिस्मथ व टंगस्टन हे धातू महाग आहेत, आणि चीनने फेब्रुवारी २०२५ मध्ये या दोन्ही धातूंच्या निर्यातीवर नियंत्रण आणल्याने त्यांचा पुरवठाही बेभरवशाचा झाला आहे. तरीही दिलेले वचन मोजून पाहिले गेले आणि ते पाळलेले दिसले नाही, म्हणून पुढच्या वचनावर कोणी विश्वास ठेवला नाही, असे माझे मत आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, २०२९ पासून लागू व्हायच्या या ब्रिटिश निर्बंधांतून एअरगनचे पेलेट व लहान व्यासाच्या गोळ्या वगळल्या आहेत. युरोपीय रसायन संस्थेच्या प्रस्तावातही बंदिस्त रेंजवरील वापर कक्षेबाहेर ठेवला आहे. म्हणजे दहा मीटरच्या नेमबाजीवर थेट घाव नाही. मात्र शिसे २०१८ साली युरोपच्या ‘अतिचिंताजनक पदार्थां’च्या यादीत गेले, आणि २०२३ साली त्याच्या वापरासाठी कारखान्यांना पूर्वपरवानगी सक्तीची करावी अशी शिफारस झाली. आपल्या स्पर्धांतील बहुतेक चांगले पेलेट जर्मनी व चेक प्रजासत्ताकातून येतात. त्यामुळे बातम्या वाचताना बंदीपेक्षा या परवानगीच्या कलमाकडे अधिक लक्ष ठेवावे. किंमत वाढली तर ती तेथून वाढेल.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे शिकारच निषिद्ध आहे, म्हणून बदके आणि छर्रे हा वाद आपल्याकडे फारसा येत नाही. आपल्याकडे शिसे साचते ते रेंजच्या भिंतीपाशी.

शिसे अंगात कोणत्या वाटेने जाते

एअर रायफलचा ४.५ मिलिमीटरचा पेलेट साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. एका नेमबाजाने रोज शंभर पेलेट झाडले आणि क्लबमध्ये वीस मुले असली, तर दिवसाला सुमारे एक किलो शिसे लोखंडी पत्र्यावर आदळून चपटे होते आणि त्यातील थोडा भाग धूळ होऊन खाली बसतो. ही धूळ एक वाट. पेलेट हाताळून करडी झालेली बोटे ही दुसरी आणि मुलांच्या बाबतीत अधिक महत्त्वाची वाट. पॉइंट टू टू (०.२२ इंच व्यासाची) रायफल व २५ मीटर पिस्तूल यांच्या काडतुसात तिसरी भर पडते, कारण ठिणगी देणाऱ्या टोपीतच बहुधा शिशाचे संयुग असते व त्याचा धूर नेमबाजाच्या तोंडासमोर निघतो. म्हणून एअर रायफलचा हॉल व फायरआर्म्सची, म्हणजे दारूच्या काडतुसांवर चालणाऱ्या बंदुकांची, बंदिस्त रेंज यांना एकच नियम लावणे बरोबर नाही. फायरआर्म्सच्या रेंजवर हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था अनिवार्य आहे, एअर रायफलच्या हॉलमध्ये स्वच्छता पुरेशी ठरू शकते.

हात, कपडे आणि खाणे

पेलेट ओठांत धरण्याची सवय कोणत्याही वयाच्या नेमबाजाला असेल तर ती त्याच दिवशी थांबवावी. रेंजवर खाण्याचा डबा उघडू नये, पाण्याची बाटली फायरिंग पॉइंटवर न ठेवता मागच्या बाकावर ठेवावी, आणि सराव संपल्यावर साबण व वाहत्या पाण्याने हात धुतल्याशिवाय कोणी केळेसुद्धा सोलू नये. सॅनिटायझरने जंतू मरतात, शिसे जात नाही. ते हातभर पसरते एवढेच. नळ रेंजच्या दारापाशीच असला तर मुले हात धुतात आणि इमारतीच्या दुसऱ्या टोकाला असला तर धूत नाहीत, हे कोणत्याही प्रशिक्षकाला वेगळे सांगायला नको.

नेमबाजीचे जाकीट व पँट जाड कॅनव्हासची असल्याने वरचेवर धुता येत नाहीत. ती स्वतंत्र पिशवीत ठेवावीत, घरी आणल्यास पलंगावर किंवा स्वयंपाकघरात टाकू नयेत, आणि आतले कपडे घरातील तान्ह्या मुलांच्या कपड्यांबरोबर भिजवू नयेत.

रेंज झाडू नये, पुसावी

सर्वाधिक दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. संध्याकाळी पत्र्यामागचा चुरा झाडूने ओढणाऱ्या मावशींच्या श्वासात जेवढे शिसे जाते, तेवढे कदाचित एकाही नेमबाजाच्या जात नसेल. आणि रक्ततपासणी होते ती नेमबाजांची. कोरडा झाडू रेंजवरून कायमचा हद्दपार करावा. जमीन साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावी, दोन बादल्या ठेवाव्यात, एक धुण्याची व एक पिळण्याची, आणि ते पाणी बागेत किंवा उघड्या गटारात ओतू नये. परवडत असेल तर हेपा (अतिबारीक धूळ अडवणारी) गाळणी असलेला व्हॅक्यूम घ्यावा. घरगुती व्हॅक्यूम वापरू नये, कारण तो बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडतो. सफाई करणाऱ्या व्यक्तीला हातमोजे आणि एन-९५ प्रतीचा मास्क क्लबने द्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल त्याची जागा घेऊ शकत नाही.

पेलेट अडवणाऱ्या पेट्या तिरप्या पत्र्याच्या व खाली बंद कप्पा असलेल्या असाव्यात, म्हणजे चुरा आपोआप आत पडतो. हवेची दिशा तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे फायरिंग पॉइंटवर उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते पाहणे. तो नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे सरकला पाहिजे. लक्ष्याच्या बाजूने येणारा पंख्याचा झोत असेल तर पंखा हलवावा. फायरआर्म्सच्या बंदिस्त रेंजवर हा प्रवाह नेमबाजाच्या जागी सेकंदाला सुमारे ०.३८ मीटर असावा, अशी अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. ते काम जाणकार अभियंत्याकडूनच करून घ्यावे.

रक्ततपासणी केव्हा व कशी

शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. रक्ताच्या दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास स्रोत शोधून तो बंद करावा, असे तिचे २०२१ चे मार्गदर्शन सांगते. नियमित सराव करणाऱ्या प्रत्येक मुलाची, प्रशिक्षकाची आणि सफाई करणाऱ्या व्यक्तीची वर्षातून एकदा तपासणी करावी. रक्त शिरेतून घेतलेले असावे. बोट टोचून घेतलेल्या थेंबात हातावरची धूळ मिसळून आकडा खोटा वाढू शकतो. रक्तातील शिसे साधारण महिनाभरात निम्म्यावर येते, पण हाडांत गेलेले शिसे दशकानुदशके राहते. म्हणून चांगला आकडा आला तरी स्वच्छता सैल करू नये.

आकडा जास्त आला तर सर्व दोष रेंजला देण्यापूर्वी घरही पाहावे : डोळ्यांतला सुरमा, नाग भस्म (शिशाचे भस्म) असलेली औषधे, भेसळीची हळद, जुन्या रंगाचे पापुद्रे, बॅटरीच्या दुकानातून घरी येणारे कपडे. ‘शरीरशुद्धी’च्या नावाने मिळणारे काढे घेऊ नयेत, उपचार लागलाच तर तो डॉक्टर ठरवतील.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून करावी. शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल तर आतडी शिसे अधिक शोषून घेतात, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. शिशाच्या तपासणीसोबत हिमोग्लोबिनही पाहावे, आणि सरावाला उपाशी पोटी येऊ देऊ नये. गर्भवती प्रशिक्षक व खेळाडूंनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय बंदिस्त रेंजवर थांबू नये.

बिनशिशाचे पेलेट आणि पोलादी छर्रे आजमावताना

आंतरराष्ट्रीय नियमानुसार एअर रायफलसाठी शिशाचे किंवा दुसऱ्या मऊ पदार्थाचे पेलेट चालतात, म्हणजे कथिलाच्या पेलेटला नियमाची आडकाठी नाही. अडचण भौतिकाची आहे. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, तर कथिलाची ७.३ पट, त्यामुळे पेलेट हलका होतो, वेग बदलतो आणि नळीला तो मानवेल याची खात्री नसते. दहाचे वर्तुळ अवघे अर्ध्या मिलिमीटरचे असल्याने स्पर्धक नेमबाजाने रायफल बाकावर टेकवून गट, म्हणजे लागोपाठचे पेलेट किती जवळजवळ लागतात ते, तपासल्याशिवाय बदल करू नये. नवशिक्या मुलांसाठी मात्र एवढी अचूकता लागत नाही. त्यांच्या पहिल्या वर्षाच्या सरावाला बिनशिशाचे पेलेट द्यावेत असे मी सुचवीन. हे पेलेट कठीण असल्याने उसळतात, तेव्हा चष्म्याशिवाय कोणालाही उभे करू नये.

स्कीट व ट्रॅप, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्यांवर शॉटगनने केलेली नेमबाजी, यांची गोष्ट वेगळी. स्कीटच्या पात्रता फेरीत १२५ लक्ष्यांसाठी २४ ग्रॅमची १२५ काडतुसे म्हटली तरी एकट्या नेमबाजामागे तीन किलो शिसे मैदानात विखुरते, आणि पावसाळ्यात ते मातीतून वाहते. भविष्यात निर्बंधांची झळ लागलीच तर ती येथे आधी लागेल. पोलादी छर्रे वापरायचे झाल्यास आधी बंदूक बनवणाऱ्या कंपनीची लेखी परवानगी पाहावी, जुन्या दमास्कस (धातूच्या पट्ट्या गुंडाळून जोडलेल्या) नळीत ते कधीही घालू नयेत, घट्ट चोक (नळीच्या तोंडाशी असलेला अरुंद भाग) टाळावा, आणि हलक्या धातूची भरपाई म्हणून छर्रे शक्यतो दोन क्रमांकांनी मोठे निवडावेत. स्पर्धेत मात्र छर्ऱ्याच्या व्यासाला २.६ मिलिमीटरची मर्यादा आहे हे ध्यानात ठेवावे.

साठलेल्या शिशाचे काय करावे

पेटीतील चुरा झाकणाच्या डब्यात, त्यावर ‘शिसे’ असे लिहून, कुलपात ठेवावा. भंगारवाल्याला विकू नये आणि मासेमारीच्या जाळ्याची वजने ओतण्यासाठी कोणाला देऊ नये. शिसे ३२७ अंशांना वितळते, चुलीवरही वितळते, आणि ती वाफ व राख घरातल्या लहानग्यांच्या वाट्याला येते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्वापर केंद्रालाच ते द्यावे आणि पावतीवर वजन लिहून घ्यावे. वर्षभरात खरेदी केलेले पेलेट आणि परत दिलेले शिसे यांची वजने एकाच वहीत शेजारी शेजारी मांडावीत. दोन्हींत मोठी तफावत दिसली तर उरलेले शिसे कुठे आहे ते शोधावे : बहुधा पत्र्यामागच्या फटीत, छतावरच्या तुळईवर किंवा दाराबाहेरच्या मातीत. ही वही क्रीडा अधिकाऱ्यांना, पालकांना आणि उद्या नियम लिहिणाऱ्या समितीला दाखवता येईल अशी ठेवावी.