अ‍ॅक्सलचा ब्रीदर आधी तपासा
जुन्या, मोठ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या चाकाजवळ ऑइल झिरपू लागले की बहुतेक जण थेट सील, म्हणजे ऑइल आत अडवणारी रबरी कडी, बदलतात. माझ्या मते त्याआधी अ‍ॅक्सलवरचा (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या आवरणावरचा) ब्रीदर, म्हणजे आतल्या हवेला ये-जा करू देणारी छोटी टोपी, तपासायला हवा. गाडी चालताना डिफरन्शिअलमधले (अ‍ॅक्सलवरच्या गिअरच्या डब्यातले) ऑइल तापते, आतली हवा प्रसरण पावते आणि ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल, तर तो दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो. उलट, तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात उतरला की हवा एकदम आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते.

टोपी बोटांनी हलवून पाहावी; ती सैल फिरली पाहिजे. अडकली असेल, तर भोवतालची माती आधी ब्रशने नीट झाडून मगच ब्रीदर काढावा आणि रॉकेलने धुवावा. त्याला रबरी नळी जोडून तिचे टोक इंजिनच्या कप्प्यात उंचावर नेणे उत्तम.

खोल पाण्यातून गाडी नेली असल्यास ऑइलही पाहावे. ते दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. ते लगेच बदलावे. मात्र ड्रेन प्लगला, म्हणजे ऑइल काढण्याच्या बुचाला, पाना लावण्यापूर्वी ऑइल भरण्याचा प्लग सुटतो की नाही, याची खात्री करून घ्यावी, कारण जुन्या गाडीत तो अनेकदा गंजून घट्ट बसलेला असतो आणि ऑइल काढून टाकल्यावर हे लक्षात आले, तर गाडी जागची हलवता येत नाही.